बजर का वाजला नाही

सर, रक्तपेढीच्या फ्रीजचा बजर त्या दुपारी का वाजला नाही, ते मला ठाऊक आहे. आज कळलं असं नाही, त्याच दिवशी ठाऊक होतं. तुम्ही आठ वर्षं तो प्रश्न घेऊन बसला होता, मग तुम्ही गेलात, त्यालाही आता पाच वर्षं झाली. म्हणजे तेरा वर्षं मी तोंड मिटून आहे. वर्गात बडबडी म्हणून जिला तुम्ही उठवून दाराशी बसवायचात, तीच मी. सांगायचं आहे ते चार ओळींचं, पण त्यासाठी दोन आठवडे मी टेबलाशी बसून उठते आहे. कधी पेनाला नावं ठेवली, कधी कागदाला. खरं कारण एवढंच की मला माझी लाज वाटते, आणि लाज वाटत असली की वाक्य सरळ उतरत नाही. म्हणून जमेल तसं पहिल्यापासून सांगते.

विष्णुपुरीच्या मोठ्या कॉलेजात माझा नंबर थोडक्यात हुकला आणि मी नांदेडातल्या आपल्या तीन मजली कॉलेजात आले. बाबा शिरूर अनंतपाळच्या पंचायत समितीत शिपाई होते. मला पोचवायला इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि व्हरांड्यात भिंतीला चिकटून उभे होते. तुम्ही समोरून आलात. दारावरच्या पाटीवर बाबांनी तुमचं आडनाव वाचलं असणार, कारण त्यांनी अगदी हळू, ओठातल्या ओठात 'जय भीम' म्हटलं. तुम्ही मात्र खणखणीत आवाजात 'जय भीम, या की, बसा' म्हणालात आणि पलीकडचे दोन प्राध्यापक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्यानं कशाला, पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं, असं मनात आलं होतं. हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढची चार वर्षं माझी सगळी धडपड लोकांना काही कळू नये ह्याचीच होती, आणि सगळ्यात जास्त हे कळू नये की मला एखादी गोष्ट येत नाही.

तुमच्या तासाला मात्र न येणारी गोष्टच वहीत लिहावी लागायची. कर्नल म्हणजे संगणकाचा आतला कारभारी, सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात, आणि एखादं नवीन यंत्र त्याच्या हाताखाली द्यायचं तर त्याला ते कसं वापरायचं हे शिकवणारं छोटं मॉड्यूल लिहून आत घालावं लागतं, इतकं तुम्ही पहिल्या तासाला सांगितलंत आणि दुसऱ्या तासाला दोनशे पानी वही आणायला लावलीत. मधोमध उभी रेघ. डावीकडे कंपायलरनं, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामनं, दिलेली वॉर्निंग जशीच्या तशी, हातानं उतरवलेली. उजवीकडे तीच वॉर्निंग आपल्या भाषेत, घरी आईला सांगता येईल अशी, आणि तिच्याखाली ती का आली ते. ती घालवली कशी हे लिहायला परवानगी नव्हती. घालवायला काय, कुणीही घालवतं, म्हणायचात. एकदा खडू खाली ठेवून तुम्ही जे बोललात ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "एरर आली की कंपायलर तुमचा हात धरतो, फुडं जाऊच देत न्हाई. वॉर्निंगला तो नुसती हाक मारतो अन् जाऊ देतो. म्हून वॉर्निंगला लई भ्यायचं. अन् कर्नलमधी तर जास्तच, कारण हितं चुकलं तर एक प्रोग्राम पडत न्हाई, अख्खी मशीन बसती." फंक्शनच्या मधेच एखादं नवीन नाव जाहीर केलं की कर्नलची बिल्ड, म्हणजे कोडची बांधणी, कुरकुर करायची. त्यावर तुम्ही म्हणायचात की पाहुण्यांची ओळख मांडवाच्या दारात करून द्यायची असते, पंगत बसल्यावर मधेच उठून नाही. वर्ग हसायचा आणि ती वॉर्निंग कुणी विसरायचं नाही.

माझी वही वर्गात सगळ्यात देखणी होती. अक्षर चांगलं, रेघा लाल शाईच्या. उजवी बाजू मी माझ्यापुढच्या बाकावरच्या, उदगीरच्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवायची आणि अधूनमधून एखादा शब्द बदलायची. ती बिचारी रडतखडत प्रत्येक वॉर्निंगचं मूळ शोधायची आणि मी त्या वेळात वॉर्निंग नाहीशी करायच्या युक्त्या शिकत होते. कुठे एका प्रकारचा आकडा जबरदस्तीनं दुसऱ्या प्रकारचा आहे असं लिहायचं, कुठे परत आलेलं उत्तर एका फालतू नावात टाकून द्यायचं. कंपायलर गप्प बसायचा. एक दिवस तुम्ही सगळ्यांना माझ्या मशीनभोवती बोलावलंत आणि म्हणालात, बघा, हिच्या स्क्रीनवर एक वॉर्निंग दिसत न्हाई. ते कौतुक खोट्या पायावरचं आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी ताठ बसले, आणि त्या दिवसापासून माझ्या स्क्रीनवर वॉर्निंग दिसणं मला परवडेनासं झालं.

मग शेवटच्या वर्षी लातूरच्या त्या छोट्या रक्तपेढीचं काम आलं. रक्त ठेवायच्या फ्रीजचं तापमान दोन ते सहा अंशांत राहायला हवं, चार असलं तर उत्तम. तिथली माणसं दिवसातून चारदा दार उघडून काचेचा तापमापक बघायची. त्यापेक्षा आत सेन्सर, बाहेर लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड, म्हणजे एक चिमुकला संगणकच, पडद्यावर आकडा, आणि आकडा बिघडला किंवा सेन्सरच बंद पडला तर बजर, अशी तुमची योजना होती. बोर्ड आणि वायरी तुमच्याकडे, सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला तो वापरायला शिकवणारं ते मॉड्यूल, माझ्याकडे. पहिली चाचणी तुमच्या घरी, काकूंच्या स्वयंपाकघरात झाली. काकू चुरमुऱ्यांची सुशीला परतून राहिल्या होत्या, मोहरी तडतडत होती आणि तुम्ही त्यांच्या फ्रीजचं दार सताड उघडं टाकून, चष्मा कपाळावर चढवून, डोळे बारीक करून सोल्डरिंग करत होता. दूध नासलं तर चहा तुमच्या त्या मशीनकडूनच करून घ्या, असं काकूंनी दोनदा सुनावलं. मला ताटलीभर सुशीला दिली, वर शेंगदाणे जास्त घातले. तुमचा हात थोडा थरथरत होता. वायर नीट बसली नव्हती हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण तुमच्या हाताबद्दल तुम्हाला कसं सांगायचं म्हणून मी खात राहिले.

बसवायच्या दिवशी आपल्याला दहाच्या एसटीनं लातूरला निघायचं होतं आणि त्याआधी तुम्ही माझी बिल्ड बघून फाईलवर सही करणार होता. मी साडेआठलाच लॅबमध्ये येऊन बसले. मॉड्यूल बिल्ड केलं आणि एक वॉर्निंग आली: 'तापमान' हे नाव काही न भरताच वापरलं जाऊ शकतं. एवढंच ती म्हणत होती. सेन्सरकडून आकडा आला तर मी तो 'तापमान' ह्या नावात ठेवत होते. न आला तर काय करायचं हे मी लिहिलंच नव्हतं, आणि पुढे मात्र त्या नावात जे असेल ते पडद्यावर पाठवत होते. डब्यात काही घातलं की नाही हे न बघता डबा वाढायला नेण्यातला प्रकार. मी घाईघाईनं सुरुवातीलाच त्या नावात शून्य भरून टाकलं. वॉर्निंग गेली. पण सेन्सर लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवून बोर्ड सुरू केल्यावर थोड्या थोड्या वेळानं पडद्यावर शून्य यायचं आणि बजर कोकलायचा, कारण तुमची ती वायर मधूनच सुटत होती आणि शून्य तर दोनच्या खाली. माझ्यासमोर तेव्हा दोन्ही गोष्टी उघड्या होत्या, सर. वायर सैल आहे, आणि सेन्सर बोलला नाही तर ते वर कळवायची सोय माझ्या कोडमध्ये नाही. पावणेदहा वाजले होते. जिन्यात तुमच्या चपलांचा आवाज आला. मी शून्य खोडलं आणि तिथे चार लिहिलं.

चार लिहिल्यावर सगळं गोड झालं. वायर सुटली तरी पडद्यावर चार, वायर लागली तरी चारच्या आसपास. बजर गप्प. तुम्ही आत आलात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकलात आणि विचारलंत, "वॉर्निंग?" मी म्हटलं, "एकही नाही, सर." तुम्ही स्क्रीन बघितली आणि उभ्या उभ्या सही केलीत. रोज उलटसुलट विचारणारे तुम्ही, त्या दिवशी पुढे काहीच विचारलं नाहीत, माझ्यावर विश्वास होता म्हणून. एसटीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत आणि मी अहमदपूर येईपर्यंत झोपले होते.

तीन महिने मशीन चांगलं चाललं. चांगलं चाललं म्हणून तिथल्या माणसांनी काचेचा तापमापक कपाटात ठेवून दिला. मे महिन्यातल्या एका दुपारी फ्रीजचा काँप्रेसर बंद पडला. दार उघडून-झाकून तुमची वायर तोवर पुरती निखळली होती. देवणीकडून आलेल्या एका बाळंतिणीसाठी रक्ताची पिशवी काढायला तिथल्या टेक्निशियननं दार उघडलं तेव्हा आत बर्फाचं पाणी झालं होतं आणि पिशव्या कोमट. एकेचाळीस पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. त्या बाईला गावातल्याच दुसऱ्या पेढीतून रक्त मिळालं आणि ती वाचली. ती वाचली नसती तर मी आज काय असते, ह्याचा विचार मी पुरता करू शकत नाही. तुम्हाला निरोप आला तसे आपण दोघं निघालो. तो टेक्निशियन भिंतीपाशी उभा होता आणि येईल त्याला एकच सांगत होता, मी दर तासाला बघून राहिलो होतो, चारच होता, चारच होता. मला ते 'चार' ऐकवेना. ते माझ्या हातचे होते.

डॉक्टरांच्या खोलीत मोठे डॉक्टर होते, पेढीचे दोन विश्वस्त होते, तुम्ही होता आणि दाराजवळ मी, सॅक छातीशी धरून. निखळलेली वायर टेबलावर ठेवली होती. तुम्ही ती उचलून डोळ्यांजवळ नेलीत, टोक बघितलंत आणि शांतपणे म्हणालात, "वायर माझ्या हातची हाय. तपासणी बी माझी. मुलीचा ह्यात काही संबंध न्हाई." मग त्या दोन विश्वस्तांतला एक, आपल्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, शेजाऱ्याला म्हणाला की ह्या लोकांना कामं द्यायची म्हणजे, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तुम्ही समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायलात आणि ग्लास जिथून उचलला होता तिथेच ठेवलात. मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं. पण तो माणूस 'ह्या लोकांना' म्हणाला त्यात मीही होते, आणि खरं बोलले तर त्याचंच खरं ठरेल असं मला वाटलं. हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं साधं आहे, मी घाबरले.

परतीच्या एसटीत लोहा मागे पडल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. मग म्हणालात, "बाळ, वायर सुटली ते समजलं. सुटणारच, माझे डोळे गेले. पण बजर का वाजला न्हाई? सेन्सर बोलला न्हाई तर वाजायला पायजे होता. तुझा कोड एकदा बघशील?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी लॅब उघडताच पोचले. चार खोडलं. सेन्सरनं उत्तर दिलं नाही तर तसं वर कळवायच्या दोन ओळी घातल्या, ज्या पहिल्या दिवशीच हव्या होत्या. दोन ओळी, सर, पाच मिनिटं लागली नाहीत. नवीन मॉड्यूल आपण पेढीतून परत आणलेल्या बोर्डात चढवलं आणि तुम्ही आल्यावर सांगितलं की कोड बरोबर आहे. तुम्ही वायर ओढून काढलीत. बजर वाजला. लावलीत, काढलीत, वाजला. दहा-बारा वेळा तुम्ही ते केलंत आणि दर वेळी तो कर्कश वाजत राहिला. मग तुम्ही कोडचा कागद काढून घेतलात, पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचलीत. त्यात काही सापडणार नव्हतं, कारण सापडायचं ते मी सकाळीच पुसलं होतं. शेवटी पेन्सिल कानावर ठेवून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "आता तर वाजतोय की गं," म्हणालात. मी म्हटलं, हो सर.

माझा पहिला गुन्हा लहान होता, तो घाईचा होता. दुसरा मोठा. ज्या माणसाला एक वॉर्निंग न समजता सोडवत नव्हती, त्याच्याकडून मी कारणच काढून घेतलं. त्यानंतर तुम्ही बाहेरचं काम घेतलं नाही. प्रोजेक्टच्या फायलींवर सह्या करणं सोडलंत, पहिल्या वर्षाची साधी प्रॅक्टिकल्स स्वतः मागून घेतलीत, आणि वहीची सक्तीही उठवलीत. हे मला मागून कळलं. मी तोवर पुण्याला लागले होते, तुमच्या शिफारसपत्रावर. त्यात 'अतिशय काळजीपूर्वक काम करणारी' असं तुम्ही लिहिलं होतं. दर दिवाळीला मी फोन करायची आणि शुभेच्छा झाल्या, बाबांची चौकशी झाली की तुम्ही हळूच विषय काढायचात. एका वर्षी म्हणालात, बोर्डावर दमटपणानं पाणी धरलं असेल. एका वर्षी, व्होल्टेज पडलं असेल. मी दर वर्षी म्हणायची, असेल सर. पुढे पुढे मी फोन करायच्या आधी ते दोन शब्द तयारच ठेवायची.

आता मी लातुरातच असते. आईची तब्येत नाजूक झाली, म्हणून कंपनीचं काम घरूनच करते. काम तेच, ड्रायव्हर. माझ्या हाताखालच्या पोरापोरींना माझी दहशत आहे, एकही वॉर्निंग असलेलं मॉड्यूल मी पुढे जाऊ देत नाही, आणि नुसती घालवलेली वॉर्निंग तर मला लांबून ओळखू येते. नव्यांना शिकवताना मी तुमचं ते वाक्य सांगते, एरर हात धरते आणि वॉर्निंग हाक मारते. लोक लिहून घेतात. गेल्या खेपेला कुणीतरी विचारलं, हे तुमचं का? मी नुसती हसले. बघा, तेही घेतलं तुमचं.

निवृत्तीनंतर तुम्ही बांधलेलं घर माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. काकू तिथे एकट्याच असतात. मागच्या महिन्यात भाजी घेताना भेटल्या, हात धरून घरी घेऊन गेल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "शेवटी शेवटी दुसरं काही बोलत नव्हते बघ. दवाखान्यात बी तेच, बजर का वाजला नसंल. माझ्याच हातात खोट हाय म्हणायचे. तू होतीस ना तवा? तुला काही ठाऊक हाय का गं?" किती सरळ विचारलं त्यांनी. आरोप नाही, संशय नाही, नुसतं विचारलं. मी म्हटलं, "मशीनच साधं होतं काकू, त्या वेळची मशीनं तशीच." त्यांनी मान हलवली. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी हा कागद काढला.

तुमचा हात नव्हता, सर. वायर सुटली तरी बजर वाजला असता, तो माझ्यामुळे वाजला नाही. तुमची योजना बरोबर होती, कंपायलरनंही वेळेवर हाक मारली होती. मीच चार लिहिलं आणि मीच ते पुसलं.

हे लिहून झाल्यावर वाटलं, तुम्हाला हे पाठवता येत नाही हे सोयीचं कारण आहे. काकूंना तर देता येतं. म्हणून काल संध्याकाळी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं आणि गेले. काकू ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून सरकल्या, जागा केली, अचानक कशी आलीस विचारलं. मी म्हटलं, सहज. मग मीही मेथी निवडायला घेतली. शेजारच्यांचं नवीन बोअर, माझ्या आईचं औषध, नातवाचा दाखला, असं सगळं बोलणं झालं. अंधार पडत आला तशी त्यांनी टोपली उचलली, मी पर्स उचलली. वाटेत मी ठरवलं होतं की त्यांनी पुन्हा बजरचं विचारलं तर पत्र काढून हातात द्यायचं. त्यांनी विचारलं नाही. आणि सर, मला बरं वाटलं.